पांढऱ्या शाईचा नित्यनेम

सांगली

चि. ताईस,


टी-शर्ट छपाईचा घरगुती व्यवसाय चिपळुणात सुरू करायचा आहे, एप्सनचा एल-१८०० हा जुना प्रिंटर विकत मिळतोय, तो डीटीएफसाठी बदलून घ्यावा का, असं तू विचारलंस. आधी उत्तर देतो, कारणं मग सांगतो. बदलून घ्यायला हरकत नाही, पण आज नको. आधी चांगला हीट प्रेस घे. छापलेली फिल्म बाहेरून करून आण. सणासुदीचं एक अख्खं चक्र धंद्यात काढ. रोज चार-दोन शीट छापण्याइतकं काम हाताशी आलं, की मग प्रिंटर घे आणि तो स्वतःच्या हाताने बदल. हा क्रम उलटा केलेली बरीच हुशार मुलं माझ्या पाहण्यात आहेत. त्यांचं कसब कमी नव्हतं. त्यांच्याकडे यंत्र आधी आलं आणि काम नंतर यायचं राहिलं, एवढंच.

हे सगळं मी स्क्रीन प्रिंटिंगच्या टेबलाशी उभं राहून आयुष्य काढलेला माणूस म्हणून लिहितोय. नव्या तंत्राबद्दल माझ्या मनात अढी नाही. उलट मला ते मनापासून आवडतं. पूर्वी चार रंगांच्या डिझाइनसाठी चार स्क्रीन एक्स्पोज करायच्या, प्रत्येक रंग जागेवर जुळवायचा, आणि गिऱ्हाईक म्हणणार की फक्त सहा टी-शर्ट हवेत. असं काम परवडत नाही म्हणून परत पाठवावं लागे. आज तेच काम एक मुलगी घरच्या खोलीत बसून करू शकते, ही मोठी गोष्ट आहे. म्हणूनच ती नीट उभी राहावी असं वाटतं.

डीटीएफ म्हणजे कापडावर थेट न छापता आधी पीईटीच्या फिल्मवर छापायचं. फिल्मच्या एका बाजूला शाई धरून ठेवणारा लेप असतो. त्यावर चित्र उलटं, म्हणजे आरशातल्यासारखं छापतात. आधी रंग, आणि रंगांच्या वर पांढरी शाई. शाई ओली असतानाच तिच्यावर गोंदाची पावडर भुरभुरायची, जादा पावडर झटकायची, आणि उष्णता देऊन ती वितळवायची. मग फिल्म टी-शर्टवर ठेवून हीट प्रेसखाली दाबली की गोंद कापडाला धरतो, फिल्म सोलून निघते आणि चित्र सुलटं होऊन कापडावर राहतं. फिल्मवर सगळ्यात वर असलेला पांढरा थर आता रंगांच्या खाली जातो. त्यामुळे काळ्या कापडावरही पिवळा पिवळाच दिसतो. सुती, पॉलिएस्टर, मिश्र कापड सगळ्यावर हे चालतं आणि कापडाला आधी कुठलं द्रावण मारावं लागत नाही. लोकांना हे तंत्र भावलं ते याच कारणाने.

आता प्रिंटर एप्सनचाच का, ते समजून घे. इंकजेटचे दोन मुख्य प्रकार आहेत. एचपी आणि कॅननच्या घरगुती प्रिंटरमध्ये छोट्या हीटरने शाई क्षणभर उकळवतात आणि त्या बुडबुड्याच्या दाबाने थेंब बाहेर पडतो. एप्सनच्या शाई सोडणाऱ्या हेडमध्ये पिझो स्फटिक असतो. वीज मिळाली की तो किंचित वाकतो आणि थेंब ढकलतो. १९९३ सालच्या स्टायलस ८०० पासून एप्सन हीच पद्धत वापरत आली आहे. उष्णता नसल्यामुळे कोणती शाई भरली याचं या हेडला फारसं सोयरसुतक नसतं. डीटीएफची शाई पाण्यावर आधारलेली असली तरी तिच्यात रंगाचे कण आणि रेझिन असतं. उकळवणाऱ्या हेडमध्ये ती करपून बसेल.

एल-१८०० वर सगळ्यांचा डोळा असण्याचं दुसरं कारण म्हणजे तो सहा रंगांचा आहे. निळा, किरमिजी, पिवळा, काळा, आणि वर फिका निळा नि फिका किरमिजी. हे दोन फिके रंग फोटोतल्या त्वचेच्या छटांसाठी आहेत. डीटीएफला त्यांची गरज नाही, म्हणून त्या दोन वाटांतून पांढरी शाई सोडतात. ए-३ पेक्षा थोडा मोठा, ३२९ मिलिमीटर रुंदीचा कागद यात जातो, म्हणजे छातीवरचं पूर्ण डिझाइन एका शीटवर बसतं. कंपनीने हे मॉडेल आता मागे टाकलं असून त्याच्या जागी एल-१८०५० आहे. धाकट्या ए-४ मध्ये एल-८०५ च्या जागी एल-८०५० आला. तुला मिळतोय तो जुना आहे, म्हणजे सुटे भाग किती वर्षं मिळतील याचा विचार किमतीत धरायला हवा.

बदलायचं म्हणजे काय करायचं, तेही सांगतो, कारण ‘कन्व्हर्शन’ हा शब्द ऐकून लोकांना वाटतं की शाई बदलली की झालं. पहिलं काम शाईच्या वाटा धुण्याचं. या प्रिंटरमध्ये मुळात डाय शाई असते. टाकी, नळ्या आणि डँपर, म्हणजे हेडच्या आधी शाई गाळणारी डबी, क्लिनिंग सोल्युशनने स्वच्छ होईपर्यंत डीटीएफची शाई भरायची नाही. दोन जातींच्या शाया नळीत भेटल्या की गाठी होतात आणि त्या गाठी हेडच्या तोंडाशी जाऊन बसतात.

दुसरं काम फिल्म पुढे सरकण्याचं. कागद बाहेर येतो तिथे वर छोटी दातेरी चाकं असतात. कागदाला ती चालतात, पण ओल्या पांढऱ्या शाईवर त्यांच्या खुणांची रांग उमटते. म्हणून ती काढावी लागतात. काढली की फिल्म वर उचलली जाते आणि हेडला घासते. मग फिल्म सपाट धरण्यासाठी खाली पंखा लावून हवा ओढणारी पट्टी बसवतात, किंवा कडा धरणाऱ्या पट्ट्या लावतात. शिवाय कागद आला हे प्रिंटरला सेन्सर सांगतो आणि पारदर्शक फिल्म त्याला दिसतेच असं नाही. फिल्मच्या पुढच्या कडेला पांढरी कागदी पट्टी चिकटवली की बहुधा भागतं. जादा शाई शोषणारं पॅड आत असतं. ते भरल्याचा आकडा पुरा झाला की प्रिंटर थांबतो. काही जण सॉफ्टवेअरने तो आकडा शून्यावर आणतात आणि काम पुढे ढकलतात, पण पॅड तुडुंबच असतं आणि एक दिवस शाई टेबलावर उतरते. ती नळी बाहेर काढून बाटलीत सोडणं हाच खरा उपाय.

तिसरं काम रिप सॉफ्टवेअरचं. कंपनीच्या ड्रायव्हरला पांढरी शाई नावाची गोष्ट ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने पांढरं म्हणजे कोरा कागद. रिप हे डिझाइनवरून पांढऱ्याचा वेगळा थर तयार करतं, तो रंगांपेक्षा एक-दोन पिक्सेल आत ओढतं म्हणजे कडेने पांढरी रेघ डोकावत नाही, आणि कुठे किती शाई टाकायची ते ठरवतं. याच्या चोरीच्या प्रती बाजारात फुकटात फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. धंद्याचा संगणक अशा फाइलींनी बिघडतो, आणि अडलं तर विचारायला कोणी नसतं. परवाना घेऊनच वापर. यातलं काहीही केलं की प्रिंटरवर कंपनीची वॉरंटी उरत नाही, हे गृहीत धर.

इथपर्यंतचं काम दोन सुट्टीच्या दिवसांत होतं, आणि कन्व्हर्शनच्या व्हिडिओत तेवढंच दाखवतात. खरा विषय पुढे आहे. तो म्हणजे पांढरी शाई.

पांढरा रंग येतो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. पाण्याच्या चौपटीहून जड असा हा पदार्थ आहे. त्याचे बारीक कण शाईत तरंगते ठेवायला कितीही रसायनं घातली तरी ते खाली बसू पाहतातच. टाकीत बसतात, नळीच्या वळणावर बसतात, डँपरच्या जाळीत बसतात, हेडमध्ये बसतात. टाकीतला साका ढवळून मोकळा करता येतो. हेडमधला करता येत नाही. रंगीत शाई चार दिवस पडून राहिली तर एखाद-दुसरं हेड क्लिनिंग करून ती परत येते. पांढऱ्या शाईकडे तेवढी माया नाही. त्यातून तिच्यातलं रेझिन हवेशी संपर्क आला की सुकून पातळ पापुद्रा धरतं, कारण कापडावर धुण्यानंतरही टिकावं म्हणूनच ते घातलेलं असतं. जो गुण कापडावर हवा, तोच हेडमध्ये नडतो.

म्हणून ताई, डीटीएफचा प्रिंटर म्हणजे दुभतं जनावर समज. घरात लग्न असो की सुतक, धार काढायची ती वेळेवर काढावीच लागते.

तो नित्यनेम असा. सकाळी पांढऱ्या शाईची टाकी हळुवार ढवळायची. जोरजोरात हलवायची नाही, नाहीतर बुडबुडे होतात आणि हवा हेडपर्यंत जाते. टाकीत टायमरवर चालणारा छोटा ढवळ्या बसवलास तर उत्तम. मग नोझल चेक, म्हणजे हेडच्या सगळ्या छिद्रांतून शाई येते का ते दाखवणाऱ्या रेषा. पांढऱ्याच्या रेषा पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत, म्हणून नोझल चेक फिल्मच्या तुकड्यावर काढायचा आणि काळ्या कापडावर धरून बघायचा. रेषा तुटक आली तर एक क्लिनिंग, फार तर दोन. तरीही सुधारली नाही तर थांबायचं, हेडला तास-दोन तास टेकू द्यायचं आणि मग परत बघायचं. लागोपाठ क्लिनिंग करत राहिलीस तर शाई वाया जाते, पॅड भरतं आणि पंपातून हवा आत शिरते. काम असो वा नसो, दिवसाला सगळे रंग आणि भरपूर पांढरा असलेली एक पट्टी छापायचीच. संध्याकाळी हेडच्या विश्रांतीची जागा, म्हणजे कॅपिंग, आणि पुसणारी रबरी पट्टी क्लिनिंग सोल्युशनमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या काडीने पुसायची. कॅपचं रबर स्वच्छ आणि ओलसर असेल तरच हेड रात्रभर बंद राहतं. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा. भिंतीवरचं बटण आधी दाबलं तर हेड वाटेत उघडं राहतं. आठवड्यापेक्षा जास्त गावाला जायचं असेल तर पांढऱ्या वाटांत क्लिनिंग सोल्युशन भरून जायचं. शाई सगळी एकाच कंपनीची घ्यायची, बाटलीवरची मुदत बघायची आणि स्वस्त मिळाली म्हणून दुसरी मिसळायची नाही.

आता हा नित्यनेम आपल्याकडच्या धंद्याशेजारी ठेवून बघ. टी-शर्टची मागणी आपल्या भागात झुंडीने येते. दहीहंडीच्या आधी गोविंदा पथकं, मग गणपती, फेब्रुवारीत १९ तारखेची शिवजयंती, शिमग्याला गावोगावची मंडळं आणि मुंबईहून आलेले चाकरमानी, एप्रिलमध्ये १४ तारखेची आंबेडकर जयंती, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा. मधल्या दिवसांत सामसूम. मागणी हंगामी आणि शाई रोजची, या दोघांचं जमणार कसं? गणपतीआधी दहा दिवस रात्रंदिवस छापायचं आणि नंतर महिनाभर प्रिंटर झाकून ठेवायचा, असं केलं तर पुढच्या हंगामात नवं हेड घ्यावं लागेल. या प्रिंटरच्या किमतीत हेडचा वाटा मोठा असतो, म्हणून हेड गेलं की बरेच जण नाद सोडतात.

आधी हीट प्रेस घे, असं मी म्हटलं ते याचमुळे. कोल्हापूर, पुणे, मुंबई इथे मोठ्या मशीनवर रोलने छापणारे व्यावसायिक आहेत. ६० सेंटिमीटर रुंदीच्या फिल्मवर ते मीटरच्या हिशेबाने छापून देतात. एका मीटरमध्ये छोटी-मोठी डिझाइन खेटून बसवायची. पावडर लावून, भाजून तयार झालेली फिल्म कुरियरने घरी येते. तू फक्त दाबायचं. नीट भाजलेली फिल्म कोरड्या, थंड जागी गुंडाळून ठेवली तर काही महिने टिकते, म्हणजे ठरलेल्या डिझाइनचा साठाही करता येतो. त्यांचं मशीन दिवसभर चालू असतं, त्यांच्या पांढऱ्या शाईला बसायला सवड मिळत नाही. घरच्या बदललेल्या प्रिंटरपेक्षा तो दर्जा बहुधा सरसच असतो. आणि तुझ्या अंगावर कसली जोखीम नसते.

या काळात तू जे शिकशील ते पुढेही उपयोगी पडणार आहे. दाबण्याचं काम सोपं दिसतं, पण अर्धी कमाई तिथेच हातची जाते. टी-शर्ट आधी चार-पाच सेकंद रिकामाच दाबून घ्यायचा, म्हणजे कापडातला दमटपणा निघतो. चिपळूणच्या पावसाळ्यात ही पायरी कधीच चुकवायची नाही. सुती कापडाला साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस आणि १० ते १५ सेकंद. मग फिल्म गरम असताना सोलायची की गार झाल्यावर, हे फिल्मच्या जातीवर ठरतं. विकणाऱ्याने सांगितलंय तसंच कर. सोलल्यावर वर बटर पेपर ठेवून पुन्हा पाच ते दहा सेकंद दाबायचं. टिकाऊपणा येतो तो या दुसऱ्या दाबाने. गिऱ्हाइकाला सांग: पहिला दिवस धुवायचं नाही, धुताना उलटं करून थंड पाण्यात, आणि चित्रावर थेट इस्त्री नाही.

क्रिकेटच्या जर्सी पॉलिएस्टरच्या असतात, तिथे वेगळीच अडचण येते. जास्त उष्णतेत पॉलिएस्टरमधला रंग वाफ होऊन वर येतो आणि लाल जर्सीवरचा पांढरा आकडा दोन दिवसांत गुलाबी होतो. तिथे कमी तापमानाला वितळणारी पावडर वापरलेली फिल्म मागव, रंग अडवणारी काळी पावडर मिळते तीही बघ, आणि तापमान १३० च्या आसपास ठेव. एक जर्सी छापून दोन दिवस ठेवल्याशिवाय संघाचं पूर्ण काम हातात धरू नकोस.

डिझाइनकडेही लक्ष दे. गोंद धरतो तो शाईला. जिथे शाई विरळ, तिथे पकड विरळ. संगणकावर सुंदर दिसणारी पुसट सावली किंवा धूसर तेजोवलय कापडावर भगभगीत पांढऱ्या कडेसारखं उमटतं, नाहीतर धुण्यात सुटतं. तिथे हाफटोनचे ठिपके वापरायचे. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेघ भरवशाची नाही. आपल्या देवनागरीला याचा जास्त फटका बसतो. अनुस्वार आणि नुक्त्याचे टिंब, वेलांटीचं बारीक टोक, रफाराची रेघ आधी सुटतात, आणि ‘मंडळ’चा ‘मडळ’ झाला की सगळा गाव हसतो. जाड वळणाचा फाँट घे, लहान अक्षरांत टिंबं हाताने मोठी कर. चित्र छापायच्या मापातच ३०० डीपीआयचं आणि पारदर्शक पार्श्वभूमीचं असू दे. काळ्या टी-शर्टवर डिझाइनमधला काळा भाग छापूच नकोस, कापडाचाच काळा वापर. शाई वाचते आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कापड श्वास घेतं. छातीभर पसरलेला प्लास्टिकसारखा अखंड चौकोन कोकणातल्या घामात कोणी दुसऱ्यांदा घालत नाही.

पुढे प्रिंटर आलाच, तर पावडर आणि भट्टी घरात येईल. त्याबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, कारण तुझ्या घरात लहान मूल आहे. पावडर म्हणजे वितळणाऱ्या प्लास्टिकचे बारीक कण. भुरभुरताना ती हवेत उडते, म्हणून नाकाला चांगला एन-९५ मास्क हवा. भाजताना, म्हणजे ११० ते १३० अंशांना दोन-तीन मिनिटं ठेवताना, शाईतला ग्लिसरीनसारखा ओलावा धरणारा अंश धूर होऊन निघतो. तो कोंडलेल्या खोलीत नको, बाहेर ओढणारा पंखा हवा. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी कधीही वापरायचा नाही, आणि यासाठी वापरलेला ओव्हन स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही. पावडर नीट भाजली की दाणे विरघळून एकसंध, किंचित चमकदार थर दिसतो. कच्ची राहिली तर चित्र धुण्यात निघतं, जास्त भाजली तर पिवळी पडते. पावसाळ्यात पावडर दमट होऊन नको तिथेही चिकटते आणि चित्राभोवती पांढरे कण राहतात. म्हणून ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायची. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली तर शाई, फिल्म आणि पावडर तिन्ही शहाण्यासारखी वागतात. त्यासाठी कोकणात पावसाळ्याचे महिने डीह्युमिडिफायर किंवा एसी लागेल. तो खर्च प्रिंटरच्या खर्चात आत्ताच मिळव.

विजेचंही तसंच. हीट प्रेस दीड हजार वॅटच्या आसपास खातो, भट्टी वेगळी. दोघांसाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट आणि पक्कं अर्थिंग करून घे. प्रिंटरला छोटा यूपीएस हवाच, कारण छापताना वीज गेली तर हेड उघड्यावर अडकतं. आणि सामान वरच्या मजल्यावर ठेव. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीने चिपळूणच्या बाजारपेठेचं काय केलं, ते तू माझ्यापेक्षा जवळून जाणतेस.

पैशांचा हिशेब प्रामाणिकपणे मांड. लोक फक्त शाई आणि फिल्म मोजतात आणि एका शीटला किती स्वस्त पडलं म्हणून खूश होतात. त्यात पावडर, वीज, नोझल चेक आणि क्लिनिंगची शाई, बिघडलेल्या शीट, डँपर-कॅपिंगसारखे बदलावे लागणारे भाग, रिपचा परवाना, कधीतरी जाणारं हेड, आणि तुझे स्वतःचे तास घाल. मग तोच आकडा बाहेरून मीटरने आणलेल्या फिल्मच्या दराशेजारी ठेव. काम थोडं असताना बाहेरची फिल्मच स्वस्त पडते. ज्या महिन्यापासून सलग घरची छपाई स्वस्त दिसू लागेल, तो महिना प्रिंटर घ्यायचा. वहीत रोज लिही: किती डिझाइन, किती नग, कुठला आकार, किती घाईचं. ही वही तुला यंत्र विकणाऱ्यापेक्षा खरं सांगेल.

एका रंगात दोनशे टी-शर्टांची ऑर्डर आली, तर ती डीटीएफवर घेऊ नकोस. तिथे आजही स्क्रीन प्रिंटिंगच स्वस्त, मऊ आणि टिकाऊ. ती माझ्याकडे पाठव, किंवा तिथल्याच एखाद्या स्क्रीनवाल्याशी जोडून घे. प्रत्येक कामाला त्याचं तंत्र असतं, हे गिऱ्हाइकाला सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येतं. आणि नामांकित कंपन्यांचे लोगो, सिनेमातली पात्रं, आयपीएलच्या संघांची चिन्हं कोणी कितीही आग्रह केला तरी परवानगीशिवाय छापायची नाहीत. त्यांच्यावर मालकी हक्क असतो आणि कायद्याचा बडगा छापणाऱ्यावरही येतो. तुझ्या हातात चित्रकला आहे. पालखी, दशावतार, नमन-खेळे, परशुरामाचा डोंगर, खाडीतल्या होड्या, असं तिथलंच काही काढ. ते दुसऱ्या कोणाकडे नसेल.

शेवटी जुना प्रिंटर पारखण्याबद्दल. पुढे कधी एखादा विकणारा म्हणेल की प्रिंटर आधीच बदललेला आहे. तसं असेल तर समोर उभं राहून पांढऱ्यासकट नोझल चेक काढायला लाव, आणि तास-दीड तासाने परत काढायला लाव. पहिल्या वेळी सगळ्या रेषा आल्या आणि दुसऱ्या वेळी पांढऱ्याच्या गळाल्या, तर हवा शिरतेय किंवा डँपर गेलाय. पूर्ण ए-३ शीटवर सलग पांढरा छापून आडव्या पट्ट्या पडतात का बघ. कॅपिंगचं रबर बघ. हेड ज्या दांडीवर धावतं तिच्यामागे पातळ पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर शाईचे डाग असतील तर चित्र सरकतं. शेवटचं छापून किती दिवस झाले, हे विचार. महिनाभर बंद असेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नकोस. त्यापेक्षा कधीच न बदललेला, मूळ शाईवर नीट चालणारा प्रिंटर पुढे शोधू. तेव्हा मी दोन दिवस येईन, आणि आपण मिळून तो बदलू. तू स्वतः उघडलेला प्रिंटर बिघडला तर तू दुरुस्त करशील. दुसऱ्याने उघडलेला बिघडला तर तुला माणूस शोधत बसावं लागेल, आणि चिपळुणात ऐन गणपतीत तो मिळणार नाही.

तेव्हा आता एवढंच कर. एल-१८०० चा व्यवहार नम्रपणे नाकार. ३८ बाय ३८ सेंटिमीटरचा, सगळीकडे सारखा तापणारा हीट प्रेस घे. तिरुपूरच्या १८० जीएसएमच्या सुती टी-शर्टांचे दोन डझन नमुने मागव, एक मीटर फिल्म छापून आण, आणि पहिले टी-शर्ट घरच्यांना घालायला देऊन दहा वेळा धुऊन बघ. त्यातून जे टिकेल तेच विकायला काढ. आणि वही आजपासून सुरू कर. वर्षाने ती घेऊन ये, प्रिंटरचा निर्णय आपण तिच्यावरून घेऊ.

घरी सर्वांना नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुझा,
मामा